पंधरा आणे शिकार

या, अशा जवळ या. दारात चपला घालूनच काय उभे राहता, मतं मागायला आल्यासारखे? आणि शिकारी म्हटल्याबरोबर नाकं कसली मुरडता? आधी पुरतं ऐकून तर घ्या. माझ्या लेकीच्या सासऱ्यांएवढा मोठा शिकारी अख्ख्या सेलू तालुक्यात झाला नाही, आणि त्यांनी जन्मात साधा ससासुद्धा मारलेला नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आमच्या इवायांबद्दल बोलताना मला पदरचं काही घालावं लागत नाही. आहे तेच कोणाला पटत नाही.

त्यांच्या काकांकडे परवान्याची बंदूक होती. शिकारबंदी आली, बंदूक सरकारात जमा झाली, पुढे काकाही गेले. पण इवायांचं मागावर जाणं काही सुटलं नाही. पहाटे उठायचं, खांद्यावर दुपट्टा टाकायचा आणि टेकडीपासून नाल्यापर्यंत हरणांच्या वाटा धुंडाळायच्या. कळप कुठे बसला, कुठे चरला, कोणत्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, कोणाच्या वावरात उतरला, सगळं डोक्यात भरून घ्यायचं. कशासाठी म्हणून विचारलं, तर छाती काढून म्हणत, "इहीनबाई, शिकार म्हंजे पंधरा आणे माग आन् एक आणा बंदूक. माहे पंधरा आणे पुरे हायेत. एका आण्यासाठी कायले कायदा मोडू?"

सोयरिकीचं बोलायला पहिल्यांदा आमच्याकडे देवळीला आले, तेव्हा मुलगी पोह्यांची बशी घेऊन उभी, आणि इवाई अंगणात उकिडवे बसून मातीकडे पाहताहेत. मला वाटलं, उन्हानं चक्कर आली. तर मान वर न करता म्हणाले, "सकाळी इथून लंगडं कुत्रं गेलं. मागचा डावा पाय टेकत नाई." शेजाऱ्यांचं कुत्रं खरंच लंगडं होतं, आणि त्याच पायानं. आमचे हे आत येऊन मला म्हणाले, "ज्याले कुत्र्याचा दुखरा पाय दिसते, त्याले आपल्या पोरीचं दुखणंही दिसन. देऊन टाकू." असं ठरलं माझ्या लेकीचं लग्न.

लग्नानंतर पोरीला कळलं की त्या घरात वासाच्या साबणाला बंदी आहे. सुगंधी तेल बंद, पावडर बंद, जावयानं हौसेनं आणलेली अत्तराची कुपी तर शेणाच्या खड्ड्यात गेली. "हरनाले गुलाब जमत नाई," एवढंच कारण. मी राहायला गेले की माझा साबण पिशवीच्या तळाशी, लुगड्याच्या घडीत लपवून नेत असे. स्वतः मात्र वाटेवरची लेंडी दोन बोटांत चुरून ताजी की शिळी ते सांगत, आणि मी हात धुतल्याशिवाय चहा देत नाही म्हटलं की रुसत. "अवो, गवतच तं हाय थे!" कानामागे, लोक अत्तराचा फाया ठेवतात तिथे, त्यांचा कापसाचा पुंजका असायचा. बोलता बोलता त्यातला एखादा तंतू हवेत सोडून वारा कुठला आहे ते पाहायचे. "वारा आपल्याकडून त्याइच्याकडं गेला, का खलास. मंग दिवसभर बसा, कोनी येनार नाई."

आणि बढाई! संध्याकाळी पानठेल्यावर लोक विचारायचे, "काका, उद्या कुठून?" मग हे मिशीवरून हात फिरवणार, घसा खाकरणार, समोरच्याचं पान चावून संपेपर्यंत गप्प राहणार आणि सांगणार, "नाल्याच्या वळणावरून. बाभळीच्या डाव्या अंगानं." त्या शब्दावर गाव झोपायचं, जिकडून कळप येणार त्याच वावरात राखण, बाकीचे आपापल्या घरी. "आजपर्यंत एकडाव चुकलो नाई," हे वाक्य माझ्या नातीला पाढ्यांच्या आधी पाठ झालं.

मी एकदा गेले त्यांच्याबरोबर, खोटं पाडायलाच गेले म्हणा. बाभळीखाली बसवलं, खोकायचं नाही म्हणून दटावलं. तांबडं फुटलं तशी समोरची माती हलल्यासारखी झाली. पुढे एक म्हातारी मादी, मागे सगळा कळप, आणि शेवटी पिळदार शिंगांचा काळवीट, असा चालत आला जसं ते वावर त्याच्या बापाचंच. मग कशानं कोण जाणे, एक उडालं, आणि एकामागून एक सगळी हरणं हवेत! मी तोंडावर पदर घेतला. शेजारी पाहिलं तर इवाई हात जोडून बसलेले. मला पाहताच हात सोडले आणि मिशी पिळली.

गेल्या हिवाळ्यात मी लेकीकडे असताना मोटारीतून तिघं आले. गावातल्याच एका वजनदार घरचे पाहुणे. लांब पिशवीत काय आहे ते मी विचारलं नाही. पिशवीच्या लांबीवरूनच कळत होतं. गावानंच त्यांना सांगितलेलं, काकाला विचारा, काका चुकत नाहीत. नाही म्हटलं असतं तर ते आपल्या मनानं वावरं तुडवत फिरले असते, आणि कळप काही लांब नव्हता. इवाई हसून म्हणाले, "दाखोतो ना! इहीनबाई, पाव्हण्याइले हातपाय धुवाले तुमचा थो वासाचा साबण द्या."

म्हणजे साबण त्यांना इतकी वर्षं ठाऊक होता! मी पिशवीच्या तळातून काढून दिला. तिघांनी तोंडं धुतली, ओसरी गुलाबानं घमघमली. दिवस कलता इवायांनी त्यांना त्याच वळणावर, त्याच बाभळीखाली बसवलं. मी शेजारच्या वावरात हरभऱ्याची भाजी खुडत होते. इवायांनी कानामागचा कापूस सोडला. तो त्या तिघांच्या डोक्यावरून तरंगत टेकडीकडे गेला, सरळ, हरणं येणार तिकडे. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "तुमी भाजी खुडा."

अंधार पडला, एक शेपूटही दिसलं नाही. परतताना पानठेल्यासमोर मोटार थांबवून एकजण म्हणाला, "काका, तुमचे हरनं एस्टीनं येतात काय? बस हुकली वाटते!" सगळा ठेला हसला. एका शब्दाला दहा सुनावणारा माणूस खाली मान घालून घरी आला.

आता पोट्टे येता-जाता ओरडतात, "काका, बस आली काय?" उद्या कुठून, हे कोणी विचारत नाही, ज्याची त्याची राखण ज्याच्या त्याच्या वावरात. मी एकदा विषय काढला, "इवाईबुवा, त्या दिवशी वारा..." तर मला तोडून म्हणाले, "वाऱ्याचं काय घेऊन बसल्या? चुकते मानूस." ते शब्द त्यांच्या तोंडून ऐकले आणि मी उठून चहा ठेवला.

म्हणून तुम्हाला जवळ बोलावलं. त्या पाहुण्यांचं सोयरं गावातच आहे, तेव्हा यातलं अक्षर तिकडे काढू नका. पण हरभऱ्याला घाटे धरले की लेकीच्या गावी या, उशीर करू नका. त्यांना आता टेकडी चढताना दम लागतो. अंगाला वासाचं काही लावू नका. इवाई ओसरीवर एकटेच बसलेले असतील. चहा घ्या, आणि जरा मोठ्यानं, पोट्ट्यांना ऐकू जाईल असं विचारा, "काका, उद्या कुठून?" मग ते घसा खाकरतील, गप्प राहतील. घाई करू नका, बसून राहा. येजा, लवकर येजा.