खुर्चीतला पळणारा

“बसलेला? आगं, मी बसलेला?” लातूरच्या त्या बागेत मी असा ओरडलो, की तिकडं औशाच्या किल्ल्यावरची पाखरं उठली असणार. “घाम बघ की माझा! बसल्या माणसाला असा घाम येतो का?”

समोर कॉलेजातली एक पोरगी मोबाईल घेऊन उभी. बागेत अपंग माणसं किती आणि कशी हालचाल करतात, हे मोजायचं काम तिच्याकडं. माणूस समोरून गेला, की बसलेला, चालणारा किंवा वेगात, यातलं एक बोटानं दाबायचं. तिनं माझी चाकाची खुर्ची पाहिली आणि ‘बसलेला’ दाबून मोकळी झाली.

खुर्चीची मूठ धरून मागं माझा दोस्त. त्याचं गंजगोलाईच्या बाजारात अत्तराचं दुकान. डोळ्यांनी मुळीच दिसत नाही. वाट मी दाखवायची, चाकंही मीच हातानं फिरवायची. तो नुसता मूठ धरून मागं यायचा. त्याला मात्र तिनं ‘चालणारा’ केलेलं!

“काऊन ओरडून राहिला रे?” तो दाढी कुरवाळत म्हणाला. “बेटीनं बरोबर केलं की. सगळा जोर माझा. हा तर नवाबावानी बसून हाय.”

“भाई, तुझा जोर? अत्तराची कुपी उघडायला तुला भाभी लागती!”

थट्टा राहू द्या, पण माझा जीव तिच्या त्या बोटात अडकला होता. बागेच्या मागच्या वाटेवर नुसती खडी. तिथं चाक रुततं. खुर्चीवाले फिरतात असं मोजणीत दिसलं, तरच तिथं फरशी मागता येणार होती. बसून राहणाऱ्याला कोण फरशी घालून देतं?

“भाई, मूठ सोड. आणि पोरी, तू आता बघच.”

निघालो. वाढवून सांगायची मला सवय नाही, पण पहिल्याच वळणावर चाकांतून धूर निघाला. एक कुत्रं शर्यत लावायला आलं आणि लाजून परत गेलं. चढावर माझी सावली दमून मागं राहिली, ती उतारावर येऊन भेटली. योगासनं करणाऱ्या बायका पाय वर ठेवूनच टाळ्या वाजवायला लागल्या. आणि भाई, ज्याला यातलं काही दिसत नव्हतं, तो बाकावर चढून ओरडत होता, “देख बेटी, देख! गोळी सुटली गोळी!”

परत आलो तेव्हा बोलायला श्वास नव्हता.

“वेगात, काका,” पोरगी हसत म्हणाली आणि मोबाईल माझ्यापुढं धरून माझ्यादेखत तिनं ते दाबलं. भाईनं पाठीत असा धपका घातला, की खुर्ची पुन्हा सुटता सुटता राहिली.

घरी गेलो तो छाती फुगवूनच. बायकोला सगळं सांगितलं, कुत्र्यासकट, धुरासकट. मोजणीत मी वेगात आहे, हे तर दोनदा सांगितलं.

ती ज्वारी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “मग गिरणी बंद व्हायच्या आत एवढं दळून आणा.”