धिंगरी, कुटार आणि कपिला

कॅन्सरवरचं माझं संशोधन कपिला नावाच्या गाईने खाल्लं.

अकोल्याजवळ राहणाऱ्या माझ्या मोठ्या ताईचं कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं आणि औषधं सुरू होती. तिच्या तोंडाची चवच गेली. अर्धी भाकरीही जाईना, वजन उतरत चाललेलं, आणि इकडे अमरावतीत मी घाबरून बसलेलो. (घाबरलो की मी वाचतो. रसायनशास्त्राचा निवृत्त मास्तर दुसरं काय करणार!) वाचता वाचता कळलं की खायच्या अळंबीत म्हणे अशी काही द्रव्यं असतात, की त्यांनी प्रयोगशाळेतल्या बशीत कॅन्सरच्या पेशींची वाढ मंदावते. मी उडालोच! लेखाचं शेवटचं पान वाचायलाही थांबलो नाही.

दुसऱ्याच दिवशी धिंगरी अळंबीचं बियाणं घेऊन ताईच्या दारात हजर!

"मले कुत्र्याच्या छत्र्या चारून राहिला का रे तू?"

"ताई, ही खायची अळंबी. शंभर टक्के सुरक्षित! मी सांगतो ना!"

सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा, भिजवलं, उकळलं, निथळून बियाण्यासोबत पिशव्यांत भरलं आणि पिशव्या मागच्या खोलीत टांगल्या. भाऊजींना एवढंच सांगितलं, "या कुटारावर रोज पाणी शिंपडत जा." (मास्तर असून धडा अर्धाच शिकवला.)

तीन आठवड्यांनी ताईचा फोन आला.

"बाळू, फुलं आली रे! पांढरीफेक! एक घास खाऊन पाहीन म्हणते."

पहिल्या एसटीने पोचलो. पिशव्या रिकाम्या!

"भाऊजी, कुटार कुठंय?"

"गाईले टाकलं. ओलं कुटार, त्याच्यावर बुरशी चढून राहिली, सडून गेलं असतं ना! कपिलानं लई आवडीनं खाल्लं." भाऊजी एकदम थांबले. "कावून? विषारी तं नाई ना?"

"छे छे! म्हणजे... गाईला... बहुतेक नाही."

"बहुतेक?" ताई कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "मले शंभर टक्के, अन् गाईले बहुतेक?"

आम्ही तिघं गोठ्यात ठाण मांडून बसलो. कपिला निवांत रवंथ करत होती. मी तिचे डोळे पाहिले, नाक पाहिलं, कानसुद्धा पाहिले. तिने माझ्या खिशातला रुमाल ओढून चघळायला घेतला. ताई खो खो हसत सुटली! कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं ते हसू. मला तर रडूच आलं. हसता हसता तिने भाऊजींनी आणून दिलेली अख्खी भाकरी तिथेच बसून संपवली.

पुढच्या तपासणीला मी डॉक्टरांना सगळं सांगून टाकलं.

"बशीत जे होतं ते माणसात होईलच, असं अजून ठरलेलं नाही," ते म्हणाले. (शेवटच्या पानावर नेमकं हेच होतं.) "भाजी म्हणून शिजवून खा, पण गोळ्या सोडू नका." मग काट्याकडे बघून त्यांनी ताईला विचारलं, "वजन वाढलंय की! काय खाताय?"

"काई नाई डॉक्टर. भावाची फजिती आठवते, अन् भाकरी जाते."

या एका औषधाचा साठा माझ्याकडे कधीच संपत नाही!