मोडलेली बिबडी

सुरतेतल्या उधन्याच्या आमच्या चाळीत कुणाकडे पाहुणे यायचे असले, की ताट लावायला शेजारच्या मावशींना हाक जायची. पितळी ताटात मधोमध भुसू, म्हणजे सुरती फरसाण. भोवती खमण, खारी, तळलेल्या मिरच्या आणि मावशींनी खानदेशातल्या माहेराहून आणलेल्या भाजक्या बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड. सगळं देखणं मांडून झालं की मावशी एक बिबडी मोडून तुकडा तोंडात टाकायच्या. मला ते मुळीच आवडायचं नाही. "भरेल ताटले हात लावाले पाव्हना लाजस, वहिनी," त्या म्हणायच्या.

मग प्लेगच्या साथीत सुरत रिकामी झाली. माणसं परतली, तरी कुणी कुणाकडे पाणीही पिईना. दिवाळीला मी हट्टाने सगळ्यांना बोलावलं. आले, पण ताटाभोवती मांडीवर हात ठेवून बसून राहिले. समोरच्या खोलीतल्या गुरुजींनी तर तोंडावरचा रुमालही सोडला नव्हता.

मावशींनी सगळ्यांदेखत एक बिबडी कटकन मोडली, अर्धी सावकाश खाल्ली आणि उरलेली गुरुजींपुढे धरली. हात मागे घेतला नाही.

गुरुजींनी रुमाल खाली ओढला. किती दिवसांनी आम्हाला त्यांच्या मिशा दिसल्या.