सहाव्या पिशवीची शिवण

त्या दिवशी दुपारी हे कोठीच्या बाजारात जुनी पुस्तकं बघायला निघाले, तेव्हा मी मशीनवर शेजारच्या पद्माचा ब्लाउज शिवत होते. मान वर करून पाहिलंही नाही. तासाभरानं पद्माच धावत आली. फोन त्यांच्याकडे आला होता. "वदिना, चला," एवढंच म्हणाली आणि माझ्या हातातली कात्री काढून घेतली. पुस्तकवाल्यानं यांना दुकानापुढच्या बाकावर निजवलं होतं. "अम्मा, साब पानी मांगे, मैं लाके देने तक..." हे गेले त्याला सव्वा महिना झाला.

लग्न झालं तेव्हा मी चौथी शिकलेली आणि हे प्रयोगशाळेत. यांच्या कामातलं हिला काय कळणार, असं सगळ्यांना वाटे, मलाही. पण हे जेवताना सांगत. स्टीलच्या ताटावर बोट वाजवून म्हणत, यात निकेल आहे आणि ते आपण बाहेरून आणतो. आपल्याकडे क्रोमच्या खाणीवर जी माती उपसून टाकून देतात, तिच्यातही ते थोडं असतं. ती माती विरघळवून हिरवं पाणी करायचं, त्यात वीज सोडली की पत्र्यावर निकेल चढतं. पण चढता चढता पाण्यात तेजाब, म्हणजे ॲसिड, वाढतं आणि मग ते नीट बसत नाही. म्हणून प्रत्येक पत्रा कापडी पिशवीत टांगायचा, ताजं पाणी पिशवीत सोडायचं आणि आतली पातळी बाहेरपेक्षा बोटभर उंच ठेवायची. पाणी झिरपत बाहेर जातं, तेजाब आत येत नाही. बाहेरच्या देशांत असंच करतात म्हणे, पण तिकडच्या पिशव्या फार महाग. आपल्या मातीच्या पाण्याला इथलं कुठलं कापड चालेल, हे शोधण्यात यांची तीन वर्षं गेली. सापडलं तेव्हा तो तुकडा आधी देवापुढे ठेवला होता.

जामबागच्या शिंप्यानं पिशवीचं माप पाहून विचारलं, "साब, तकिये का गिलाफ है क्या?" ते कापड तसंच उचलून हे घरी आले आणि म्हणाले, "अगं, तू शिवशील?" यांनी आपल्या कामातलं मला काही मागितलं, ते पहिल्यांदाच. सोबत टेरिलीनच्या दोऱ्याची रीळ दिली. सुती दोरा तेजाबात कुजतो, दिसायला दोन्ही सारखेच, म्हणून काडी पेटवून दाखवली. सुती दोऱ्याची राख होते, टेरिलीन वितळून टोकाला मणी होतो.

बाहेरचा माल देशात मोकळा येऊ लागला होता, ते दिवस. एका कारखान्याची माणसं बघायला येणार होती. सहा पत्रे आठ दिवस बिनतक्रार चालले तर छोटा कारखाना उभा राहणार होता. पिशव्या सकाळी न्यायच्या होत्या आणि सहाव्या पिशवीला वीतभर शिवण उरली असताना रीळ संपली. हे प्रयोगशाळेत. कोठीला एकटीनं जाऊन दुकानात मागायची मला लाज वाटली. खणात पांढरा सुती दोरा होता. वीतभरच तर होती...

पाचव्या दिवशी, ती माणसं समोर उभी असताना, सहावी पिशवी उसवली. पत्र्यावरच्या निकेलचे पापुद्रे सुटले. संध्याकाळी हे घरी आले, हातपाय धुतले आणि म्हणाले, "कापडानं दगा दिला." अहवालातही तेच लिहिलं. मी वाढत राहिले. काही महिन्यांनी काम बंद झाल्याचं पत्र आलं आणि यांना ग्रंथालयात पुस्तकांच्या याद्या करायला बसवलं. तिथे लोक यांना 'थैलीवाले साब' म्हणत. हे घरी येऊन हसत सांगत, मी उठून आत जाई.

एकदाच धीर करून विचारलं, पिशवी टिकली असती तर? हे पेपरातच बघत होते. "बाहेरचं निकेल स्वस्त झालं होतं. टिकली असती तरी बंदच झालं असतं." मग पान उलटत म्हणाले, "चहा टाक." तेव्हा सांगायला हवं होतं. मी चहा टाकला.

गेल्या आठवड्यात यांची ट्रंक उघडली. तळाशी ती पिशवी होती, हिरवे डाग पडून कडक झालेली, वीतभर उसवलेली. आत एका कागदावर दोऱ्याचे दोन तुकडे चिकटवलेले, दोन्हींची टोकं जाळून पाहिलेली. एकाला बारीक मणी होता. दुसऱ्याला बोट लावलं, तर बोटाला राख आली. खाली यांच्या अक्षरात तारीख, पिशवी उसवल्याच्या दुसऱ्या दिवसाची.

म्हणजे यांना कळलं होतं. आणि तरी दोष कापडाला दिला, तीन वर्षं शोधलेल्या, काही खोट नसलेल्या कापडाला. त्या अहवालानंतर त्या कापडाला पुन्हा कुणी हात लावला नाही. मला वाचवायला लिहिलं, की बायकोकडून शिवून घेतलं हे सांगायची लाज वाटली, ते आता कळायचं नाही. ताटाला ताट लावून जेवलो इतकी वर्षं...

पद्माचा ब्लाउज अजून मशीनवरच आहे. काल पुरा करायला बसले. ब्लाउजला सुती दोराच चालतो, तरी ओवण्याआधी टोक पेटत्या काडीला धरलं. राख झाली.