‘बीपी नाही’ म्हणजे काय

आमच्या घरी बीपी हा एक आजार होता. आईला बीपी होतं, शेजारच्या काकूंना होतं, आणि वडील मोठ्या ऐटीत सांगायचे, “आपल्याला नाही बुवा बीपी-बिपी.” हिंगोलीकडच्या एका तालुक्याच्या गावात, मराठी शाळेत मी शिकले. घरातली पहिली पदवीधर. नर्सिंग कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात बाईंनी विचारलं, “वर्गात बीपी कोणाकोणाला आहे?” माझा हात खालीच राहिला. बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, “अगं, नसतं तर तू उभी कशी राहिली असतीस?” वर्ग हसला, मीही हसले. त्या बाईंचे माझ्यावर पुष्कळ उपकार आहेत, त्यात हा प्रश्न मी फार वरचा धरते.

आता मी नवी मुंबईत एका हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागात काम करते. एका दुपारी एपीएमसीच्या कांदा-बटाटा मार्केटमधून तिशीतल्या एका माणसाला आणलं. मागे येणारा ट्रक आणि गाळ्याची भिंत यांच्यामध्ये तो चिरडला होता. बाहेर रक्त फारसं दिसत नव्हतं; पण कमरेचं हाड मोडलं होतं आणि रक्त आतल्या आत वाहत होतं. आम्ही कमरेभोवती पट्टा आवळला, दोन्ही हातांना सुया लावल्या, रक्तपेढीला फोन केला. दंडाला गुंडाळलेला बीपीचा कफ फुगत होता, सुटत होता, पुन्हा फुगत होता. स्क्रीनवर आकड्याच्या जागी नुसत्या रेघा. मनगटाला नाडी लागत नव्हती. मानेला लागत होती, बारीक आणि भरधाव.

“बीपी नाही!” डॉक्टर ओरडले. “रक्त कुठंय रक्त?”

पडद्यापलीकडे त्याची आई येऊन उभी होती. सानपाड्याच्या गावठाणातली बाई, रिक्षातून उतरून धावत आलेली. हे ऐकलं आणि ती बाकावर टेकली, हात जोडले. मग फोनवर सुनेला सांगायला लागली, “रडू नको गो. डॉक्टर आताच बोलला, बीपी नाय. आपल्या घरान कोनालाच बीपी नाय.”

तिनं उलटाच अर्थ घेतला होता. तिथे बाकीच्यांना त्यात काही चुकीचं वाटलं नसतं. मला कळलं, कारण आमच्या घरीही तो शब्द असाच वापरत.

डॉक्टर म्हणाले, “ऑपरेशनला न्यावं लागेल. तू आईशी बोल, मराठीत नीट सांग.”

मी तिच्याशेजारी बसले. “मावशी, बीपी नाही म्हणजे तो बरा आहे असं नव्हे. त्याच्या रक्ताला जोरच उरला नाही.”

“म्हंजे?”

नवी नोकरी लागली तेव्हा मीही गावठाणातच भाड्याने राहिले होते. म्हणून विचारलं, “तुमच्या घराला मजले किती?”

“तीन. वर भाडेकरू हायत.”

“नळाला प्रेशर नसलं की काय होतं?”

“वरच्या माल्यावर पानी चडत नाय. मंग ते बोंबलतान.” एवढं बोलून तिनं माझा हात घट्ट धरला. “बाय, माज्या पोराचा पाइप फुटला?”

“हो मावशी. आत फुटलाय. आम्ही वरून रक्त भरतोय, पण गळती ऑपरेशन करूनच बंद होईल.”

“मंग हितं माज्याशी गप्पा काय मारतेस? न्या ना त्याला!”

रक्ताच्या पहिल्या पिशव्या गेल्यावर डॉक्टरांनी छोट्या सोनोग्राफी मशीनने मनगटातली धमनी शोधली, तिच्यात बारीक नळी घातली आणि ती मॉनिटरला जोडली. दंडावरचा कफ काही मिनिटांनी एकदा सांगतो. ही नळी हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला सांगते. तिचा सेन्सर हृदयाच्या उंचीला बांधून शून्यावर आणणं माझ्याकडे होतं. तो खाली घसरला, तर आकडा उगीचच चढलेला दिसतो. मी बांधला, तपासला. स्क्रीनवर लाल रेघ उठली. आधी बुटकी, मग जरा उंच, मग एकामागून एक लाटा.

“अजून चडव ना,” मावशी पडद्यातून म्हणाली.

“आत्ता नको. गळती आहे तोवर जोर वाढवला, तर जास्त वाहून जाईल.”

“मोटर बंद ठेव नि आदी पाइप बांद, तसाच ना?”

“बंद नाही हो मावशी! हळू चालवतो.”

त्या गडबडीतही डॉक्टर हसले.

ऑपरेशनच्या ट्रॉलीवर घेण्यासाठी आम्ही चौघांनी चादर धरून त्याला उचललं, तशी लाल लाट एकदम बसली. मी आधी सेन्सर पाहिला. जागेवर होता. “सेन्सर बरोबर आहे, प्रेशर खरंच पडलंय,” मी म्हणाले. डॉक्टर म्हणाले, “थांबा!” त्याला हळूच होता तिथेच टेकवलं. कमरेचा पट्टा वर सरकला होता. तो पुन्हा आवळला, रक्ताची पिशवी दाबून दाबून आत सोडली. दंडावरच्या कफनं काही मिनिटांपूर्वी घेतलेला आकडा अजून चांगलाच दिसत होता. त्याच्या भरवशावर राहिलो असतो, तर पडलेलं प्रेशर कळायला वेळ गेला असता, आणि तेवढ्यात आम्ही लिफ्टमध्ये असतो. लाट हळूहळू वर आली. मग निघालो.

ऑपरेशन थिएटरमधून सर्जन बाहेर येऊन म्हणाले, “रक्त थांबलंय.” मी भिंतीला टेकले. मावशी गावात फोन लावून ओरडत होती, “आता बीपी आला त्याला! चांगला आला!” पलीकडून कोणीतरी काळजीनं काहीतरी बोललं असावं. “मीठ कशाला बंद करू रं मेल्या?” ती म्हणाली आणि हसता हसता रडायला लागली.

पुढे त्याची तब्येत सुधारत गेली. एकदा ड्युटी संपवून मी आयसीयूत डोकावले, तेव्हा तिथली सिस्टर मनगटातली नळी काढायच्या तयारीत होती आणि मावशीनं तिचा हात धरून ठेवला होता.

“काढू नको गो, त्याच्यावरच चाललाय तो!”

“मावशी,” मी म्हणाले, “ती नळी त्याला चालवत नाही, नुसती बघते. आता दर ठोक्याला बघत बसायची गरज राहिली नाही, म्हणून काढतायत.”

तिनं हात सोडला. सिस्टरनं नळी ओढून मनगट अंगठ्यानं दाबून धरलं. स्क्रीनवरची लाल रेघ गेली. मावशी त्या मोकळ्या जागेकडे थोडा वेळ बघत राहिली. इथे आल्यापासून ती स्क्रीनलाच डोळे लावून बसली होती, असं सिस्टर म्हणाली. मग तिनं मुलाकडे तोंड वळवलं.

“केवडी दाडी वाढलीय रं तुजी.”

त्यानं डोळे उघडले. आवाज घोगरा होता, पण स्पष्ट.

“मंग बोलव ना न्हाव्याला.”