रुसव्यांचे वैद्य

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत नव्वदीनंतर जेवढी लग्नं सुरळीत पार पडली, त्यांतली निम्मी तरी आमच्या ताईच्या चुलत सासऱ्यांमुळे पडली, असं माझं ठाम मत आहे. लग्न भटजी लावतात हा निव्वळ गैरसमज. आमच्याकडे लग्न अडायला मोठं कारण लागत नाही. माईकवर एखाद्या मामाचं नाव पुकारायचं राहिलं, एखाद्या जावयाला फेट्याऐवजी नुसता टोपी-टॉवेल मिळाला, की तो मनुष्य मुकाट्याने मांडवातून उठतो आणि ज्या जीपने आला तिच्यात जाऊन बसतो. मग त्याची बायको जेवत नाही, बायकोचे भाऊ जेवत नाहीत, आणि बघता बघता अर्धी पंगत ओस पडते. अशा वेळी कुणीतरी मोटारसायकलवरून पिंपळवंडीला धाव घेई आणि या गृहस्थांना मागे बसवून घेऊन येई. सगळी पंचक्रोशी त्यांना नाना म्हणायची.

अंगाने किडकिडीत, आवाज हळू, आणि चेहरा असा, की कुणाच्या लक्षात राहू नये. लग्नात पुढच्या खुर्चीवर ते कधी बसत नसत; पाण्याच्या पिंपाशी उभे राहत, कारण तिथे प्रत्येकाला एकदा तरी यावंच लागतं. ‘मी आत्ताच घेतला’ म्हणून जो चहा परत करी, त्याच्यावर त्यांची नजर खिळे. “पावनं, ‘काय न्हाई’ म्हनतो ना जो, त्याला लई काय असतंय,” असं ते माझ्या कानात सांगत. मात्र रुसवा लगेच काढायला त्यांचा सक्त विरोध होता. कच्चं गळू फोडलं तर जास्त ठणकतं, तसंच हे, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे यजमान घामाघूम झालेले असताना हे आपले निवांत सुपारी कातरत बसलेले असायचे.

त्यांच्या हाताचा गुण मी ताईच्याच लग्नात पाहिला. नवरदेवाच्या आत्याचे यजमान जीपमध्ये जाऊन बसले होते आणि माझे वडील हात जोडून जीपबाहेर उभे होते. नानांनी आधी वडिलांना तिथून हाकललं. मग स्वतः आत शिरले, आपल्या गुडघेदुखीची हकिगत सांगितली, कांद्याच्या रोपावर बोलले, माईकचा विषयही काढला नाही. उठता उठता एवढंच म्हणाले, की नवरदेवाचा फेटा सकाळपासून सैल झालाय आणि आजकालच्या पोरांना बांधता येत नाही. यजमानांनी जीपमधूनच मांडवाकडे मान लांब केली. मग त्यांनी विचारलं, “सैल म्हंजे किती?” आणि खाली उतरले. तो फेटा नानांनी स्वतःच सैल करून ठेवला होता, हे मला पुढे कितीतरी वर्षांनी कळलं.

नोकरी एसटीत, एका स्टँडवर कंट्रोलरची. तळेघरची गाडी रद्द झाली की खिडकीतून ओरडून सांगायची रीत होती. हे मात्र उठून बाहेर येत. वाईट बातमी जाळीतून देऊ नये, असा त्यांचा नियम होता. चिडलेल्या माणसाला आधी बाकावर बसवायचं, आणि तो बोलायच्या आत आपणच गाडीला, रस्त्याला, नशिबाला इतकं बोलायचं, की त्याच्यासाठी काही उरूच नये. शेवटी प्रवासीच त्यांची समजूत घालून पायी वाटेला लागत. त्यांचा तो फेट्याचा उपाय मी एकदा ऑफिसात करून पाहिला. साहेब फुगलेले दिसले म्हणून मीही त्यांना एका कामात सल्ला विचारला, तर त्यांनी ते काम कायमचं माझ्या गळ्यात घातलं. नानांना सांगितलं, तर म्हणाले की तुमचे साहेब रुसले नसतील, त्यांना भूक लागली असेल. यातला फरक आधी शिका.

मग त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न निघालं. नानांनी तीन दिवस मांडव असा राखला, की एकही पाहुणा रुसला नाही. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, आणि नाना दिसेनात. शोधलं, तर व्याह्यांच्या जीपमध्ये बसलेले! व्याही धावत आले, काय चुकलं म्हणून विचारू लागले. “काय न्हाई,” नाना म्हणाले, आणि मला त्यांचंच ते जुनं वाक्य आठवलं. मी आत शिरून माझ्या गुडघेदुखीला सुरुवात केली, तर त्यांनी मला हाताने थांबवलं. पाठवणीची वेळ टळत चालली होती. बापाशिवाय मुलीला वाटेला लावायचं कसं? त्यात व्याह्यांचाही चेहरा बदलू लागला होता.

शेवटी मुलगीच आली. शालू सावरत जीपमध्ये चढली आणि त्यांच्याशेजारी बसली.

“नाना, तीन दिस समद्यांची तोंडं बघत फिरलात. माझ्याकडं एकदा तरी बघितलं का?”

नाना समोरच्या काचेकडे बघत राहिले. मग म्हणाले, “बघितलं असतं, तर मला हे लगीन लावताच आलं नसतं, पोरी.”

आणि त्यांनी तिच्याकडे बघितलं. नाना रडू शकतात हे मला तोवर ठाऊक नव्हतं. तो रुसवा नव्हताच; साधं दुःख होतं, आणि दोन तालुक्यांची मनं ओळखणाऱ्या या माणसाला स्वतःचं तेवढं ओळखता आलं नव्हतं. आम्ही माना फिरवल्या. माझेही डोळे भरून आले होते.

मग ते उठले, तोंड धुतलं, मुलीचा हात धरून तिला फुलांनी सजवलेल्या गाडीत बसवलं. जावयाला बाजूला घेतलं. तो बिचारा घड्याळ, साखळी असलं काही मिळेल म्हणून उभा असावा.

“ही रागावली तर भांडती, त्याचं काय न्हाई,” नाना म्हणाले. “पन मनाला लागलं की लई हसती. तवा तेवढं बघा.”

जावयाने मान हलवली. त्याला किती कळलं देव जाणे. गाडी सुरू झाली. मुलगी काचेतून हात हलवत होती, आणि हसत होती, अगदी गाडी फाट्याला वळेपर्यंत हसत होती. नाना रस्त्यातच उभे राहिले. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.