ओढणीतलं पिल्लू
परवा जठारपेठेत पिल्लं विकणाऱ्याजवळून जाताना बल्बखाली तापलेल्या तुसाचा वास आला आणि ताई आठवली. सासरच्या मारहाणीला कंटाळून ती माहेरी आली होती. दुसऱ्या दिवशी तिला परत पोचवायचं ठरलं होतं. त्याच्या आदल्या सकाळी आम्ही मागवलेली कोंबडीची पिल्लं रेल्वेनं बडनेऱ्याला आली. खोक्यात एक मान टाकून पडलेलं. ताईनं ते ओढणीत घेतलं, बोटानं गूळपाणी पाजत राहिली. "जगत नाई ते, कावून जीव लावून राहिली?" आई म्हणाली. "मरन तं मरन माय, पण त्याले एकटं कावून मरू द्याचं?" संध्याकाळी ते गेलं. आईनं ताईची भरलेली बॅग उघडून कपडे कपाटात ठेवले. आता आई नाही. त्या संध्याकाळबद्दल आम्ही दोघी बहिणी अजून बोललेलो नाही.